लालपेन आणि आत्याची बँक

बँका तपासणाऱ्या ऑफिसात तिचं नावच 'लालपेन' पडलं होतं. त्या एका बँकेवरून तर ती वर्षभर घसा फोडत होती, "साहेब, बुडीत कर्जाचं प्रमाण दुप्पट झालंय, भांडवल घसरतंय, रोकड आटतेय, आता तरी काहीतरी करा!" आणि साहेबांचं आपलं एकच पालुपद, "अगं, दमानं घे. आणि बाहेर चकार शब्द काढलास, तर नोकरी गेलीच समज!"

एरवी भाजीपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना नावं ठेवणारी ही बया, पण घरी आत्याने त्या बँकेचा विषय काढला की मूग गिळून बसायची.

आज बँकेला टाळं लागलं. आणि तेव्हा कळलं, घर विकून आलेला पैसा आत्याने गेल्याच महिन्यात तिथे ठेवलाय, सगळाच्या सगळा!

लालपेन कपाळावर हात मारून ओरडली, "अगं आत्या, इतक्या बँका सोडून तुला नेमकी हीच कशी सापडली?"

 

"तुझ्यामुळेच की गं! तू सगळ्या जगाला नावं ठेवतेस, त्या एका बँकेबद्दल मात्र कधी वाकडा शब्द काढला नाहीस."