डोंगरवादळ

“टाक मला,” ज्युदोच्या गादीवर पाय रोवत आई म्हणाली.

लेक एक पाऊल मागे सरली. आईची हाडं म्हणजे वाळक्या काटक्या. “वेड लागलंय का तुला? मोडलीस म्हणजे?”

“उद्या लोकांच्या लेकरांची मोडशील, त्यापेक्षा माझी मोड.”

भिंतीलगत चाकांच्या खुर्चीत बाबा बसले होते. आजारानं त्यांचं उजवं अंग नेलं, वाचा नेली; डावं अंग आणि डोळे तेवढे मागे ठेवले.

ज्युदोच्या मान्य डावांची मांडणी मागे कधीतरी बदलली. नवे डाव आले, काही जुने गळले. गळलेल्यांत हा एक, डोंगरवादळ. बाबांच्या गुरूंनी तो तरीही जपला, बाबांना दिला. बाबा तो रोज घोटत, जोडीला आईच. “परीक्षेत नाही ते कशाला उगाळता?” म्हणून लेक हसायची. आणि आता गळलेले डाव पुन्हा मान्य झाले होते. उद्या तिला तो वर्गाला शिकवायचा होता. पुस्तकात बघून केला, तर काल तिची जोडीदारीण खांद्यावर आदळली. हाड मोडता मोडता वाचलं. कॉलर धरणं बरोबर, पायाचा फटका बरोबर. मूठ कमरेकडे नेत ती बाही ओढायची, पण ओढ कुठंतरी चुकत होती. कुठं, ते चित्रात दिसत नव्हतं, आणि बाबांना विचारलं तर ते नुसते बघत राहिले.

“तूच सांग ना, आई. बाबा बाही कशी ओढायचे?”

“मला काय ठाऊक? मी डोळे मिटून पडायची. टाकणाऱ्याला टाळ्या, पडणाऱ्याला शेक!” आई हसली. मग हसू मावळलं. तिनं स्वतःच लेकीची मूठ आपल्या बाहीवर नेऊन ठेवली. खुर्ची समोर येईल अशी वळून उभी राहिली. “टाक. भिऊ नकोस.”

लेकीनं कॉलर पकडली. वळली. पाय फिरवला. वाऱ्यानं कणीस कलावं तशी आई कलली आणि गादीवर आली.

“आई! लागलं का गं?” लेक गुडघ्यांवर कोसळली.

“मला काय बघतेस, बाई!” आई उताणीच ओरडली. “मी पडायला लागले की ह्यांचा हात कधी गप्प बसलाय? तो बघ!”

बाबांचा डावा हात मांडीवरून उठून कानाशी गेला होता. मूठ घट्ट आवळलेली, आईची बाही अजून तिच्यात असावी तशी.