भुकेलं पाणी

लालसर पाणी एका थेंबात निळं झालं. तिने ब्युरेटवरचा आकडा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि भर प्रयोगशाळेत टाळी वाजवली.

“सर, चुना वाढला नाही! उलट किंचित कमीच झालाय!”

तिच्या आईची गल्ली चुनखडीच्या दगडावर वसलेली. कोपऱ्यावरच्या दुकानाची फरशी खचली, तेव्हापासून नगरपालिकेने धोशा लावला होता: जमिनीखालचं पाणी दगड खात असेल, तर घरं रिकामी करा. पाण्याची ही भूक मोजायची युक्ती सोपी होती. गल्लीतल्या विहिरीचं पाणी बाटलीत काठोकाठ घ्यायचं, त्यात संगमरवराचा चुरा टाकायचा, घट्ट बूच लावायचं आणि वाट बघायची. भुकेलं पाणी चुरा विरघळवतं आणि त्यातला चुना वाढतो. हे पाणी मात्र ढेकर देऊन बसलं होतं. खाणं दूरच, पोटातले क्षारच खाली टाकत होतं.

सर पक्के संशयी. त्यांनी दुसरी बाटली स्वतः तपासली. आकडा तोच.

“दगड शाबूत आहे,” ते म्हणाले. “दुकान खचल्याचं खापर खुशाल एखाद्या फुटक्या नळावर फोडा. संध्याकाळी अहवाल पाठवतो.”

संध्याकाळपर्यंत थांबायला तिला कुठला दम! ॲप्रन न काढताच ती धावत सुटली. बाबा गेल्यापासून सगळ्यांनी आईला लेकीकडे राहायला येण्याची गळ घातली होती, जावयानेसुद्धा. आई यायची, दोन दिवस नातवंडांत रमायची आणि ‘घर बंद पडलंय गं’ म्हणत परत पळायची. त्या चार भिंतींत तिचा जीव होता. आणि त्या भिंती आज लेकीने वाचवल्या होत्या! तिला हसू आवरेना.

“आई, घर वाचलं!” ती जिन्यातूनच ओरडली. “आता कुणी हलवणार नाही तुला!”

आई दाराशी खुर्चीत बसली होती. पायांत चपला, शेजारी दोन भरलेल्या बॅगा, मांडीवर भिंतीवरून काढलेला बाबांचा फोटो.

“लोकांना कळलं?” आईने विचारलं.

“अजून नाही. अहवाल संध्याकाळी जाईल.”

आईने झटकन उठून एक बॅग तिच्या हातात कोंबली. “मग चल लवकर. ‘घर खचतंय म्हणून लेकीकडे राहायला गेले’ असं मला संध्याकाळपर्यंतच म्हणता येईल.”