मागची गाडी

तिसरा पिवळा दिवा लागला आणि सयाजीने लोखंडी कठडा दोन्ही हातांनी गच्च धरला. मग हिरवा. दोन मोटरसायकली एकदम सुटल्या. कानांत बोटं घालायलाही सवड मिळाली नाही. आवाज आधी छातीत शिरला, मग पोटात उतरला, पायाखालची जमीन थरथरली. जळक्या रबराच्या धुराने डोळे चुरचुरले.

"एक," सयाजी पुटपुटला. "दोन."

दोन्ही गाड्या समोरून गेल्या तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

निरगुडसरच्या पुढच्या माळावर या शर्यतींसाठीच बांधलेली ही सरळ डांबरी पट्टी. चारशे मीटर, नऊ-दहा सेकंदांचा खेळ. ड्रॅग रेस म्हणायचं याला. पुण्या-मुंबईचे, कोल्हापूरचे नावाजलेले रायडर येत. निवेदक मात्र तोच, बैलगाडा शर्यतीच्या घाटात, म्हणजे गाडे पळतात त्या धावपट्टीवर, घसा फोडणारा. बघेही तेच, फक्त बैलांच्या नावांऐवजी आता इंजिनांचे सीसी पाठ करणारे. सयाजी त्यातलाच. चाळीस वर्षं त्याने बैलगाडे पाहिले होते, स्वतःचा पळवलाही होता.

आणि तिथेच घात झाला. घाटात एका वेळी एकच गाडा पळतो. तो समोरून गेला की माणसं टोप्या उडवत त्याच्यामागे आत उतरतात. सयाजीच्या पायांना तेच वळण पडलेलं. गेल्या वर्षी या पट्टीला कठडा नव्हता, नुसता दोर होता. पहिली मोटरसायकल गेली आणि सयाजी उपरणं फिरवत दोराखालून आत शिरला. दुसरी सुटतानाच अडखळली होती, ती अजून यायची होती. त्याने मान वळवली तेव्हा ती सरळ अंगावर येत होती. ऐनवेळी ती वळली, बांधावर जाऊन आदळली. सगळा जमाव तिकडे धावला. त्याआधी सगळ्यांचे डोळे पुढे गेलेल्या पहिल्या गाडीवर होते; सयाजीकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. तो आला तसा दोराखालून बाहेर पडला आणि शेताशेतातून घरी गेला.

त्या गाडीवर ओतूरचा गोकुळ होता. सव्वीस वर्षांचा. दवाखान्यात पोचायच्या आतच गेला. नियंत्रण सुटलं, असं पेपरात आलं. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? पोरगं प्यायलेलं होतं, म्हणाले. नाहीतर सरळ रस्त्यावर, मध्ये काही नसताना गाडी वळेल कशी? सयाजीने हे चहाच्या टपरीवर ऐकलं, मंचरच्या बाजारात ऐकलं, आणि दर वेळी मान खाली घातली. विहिरीवरची मोटर सुरू झाली तरी तो जागच्या जागी थिजायचा. बायको साळुबाई म्हणायची, बाहेरचं काही लागलंय, कुणाला तरी दाखवू. तो हं म्हणायचा. दोन शब्द बोलला असता तर मेलेल्या पोराच्या नावावरचा डाग गेला असता. ते दोन शब्द तेवढे निघत नव्हते. शर्यत मात्र एकही चुकवत नव्हता. एक आणि दोन मोजायला यायचा, दुसरं काय.

आज कठड्याच्या कडेने एक माणूस येत होता. पन्नाशीचा, दाढी वाढलेली. वाटेत टोपीवाल्या प्रत्येक म्हाताऱ्यापाशी थांबायचा, काहीतरी विचारायचा, पुढे सरकायचा. सयाजीने त्याला लगेच ओळखलं. गोकुळच्या दहाव्याला सयाजी ओतूरला जाऊन आला होता, लांबूनच हात जोडून. तेव्हा पाहिलेला हा चेहरा. दादाभाऊ, गोकुळचा बाप.

सयाजीने वळून पाहिलं. मागे माणसं चिकटून उभी होती. सटकायला जागा नव्हती.

"बाबा, मागल्या साली हितं आला व्हता का?"

"न्हाई."

वर्षभर घोटलेला शब्द, झटकन निघाला. दादाभाऊ पुढे जाणार, तोवर पुढची जोडी तयार झाली. तोही तिथेच कठड्याला टेकला.

हिरवा लागला. एकच गाडी सुटली. दुसरी गुरगुरून अडखळली. पहिली समोरून गेली आणि तिच्यामागे पट्टी मोकळी पडली. सयाजीचे गुडघे खाडकन कठड्यावर आपटले. पाय आत निघाले होते. एवढं होऊनही निघाले होते. मग दुसरी गाडी गेली. दादाभाऊ त्याच्या गुडघ्यांकडे बघत होता.

"आलो व्हतो," सयाजी म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "पहिली गाडी गेली अन् मी आत उतरलो. मागं दुसरी हाय, ध्यानातच आलं न्हाई. तुमचं पोरगं प्यालेलं न्हवतं, भाऊ. त्याची काय बी चूक न्हवती. मी मधी व्हतो. समद्यांसमोर सांगतो, त्या माईकवर सांगतो."

त्याने डोळे मिटून घेतले. आता थोबाडीत बसेल, असं त्याला वाटलं. बसली असती तर बरं वाटलं असतं.

काहीच बसलं नाही. डोळे उघडले तर दादाभाऊ त्याला निरखत होता. आधी हात, मग पाय, मग डोकं.

"तुमाला लागलं व्हतं का?"

"न्हाई. खरचटलं बी न्हाई."

निवेदक सेकंद सांगत होता. टाळ्या पडल्या. त्या थांबेपर्यंत दादाभाऊ थांबला.

"अँब्युलन्समधी त्यानं तेवढंच इचारलं. तो म्हातारा वाचला का, म्हणून. कुणी म्हातारा मधी व्हता, हेच मला ठावं न्हवतं. मी काय सांगनार? गप बसलो."

त्याने सयाजीचा दंड धरला, खरंच हाडामांसाचा आहे का ते बघावं तसा.

"मी गप बसलो, अन् पोरगं रडाय लागलं. त्याला वाटलं, तुमी गेला."