सुहासने दिलेला सूर

संपदाच्या गाण्याचे श्रोते लाखावर गेले, तेव्हा ती पेढे घेऊन मिरजेला सासूबाईंकडे गेली.

"मी रोज ऐकते गं," आई मेथी निवडत म्हणाल्या. "भाजी निवडताना लावते. मन हलकं होतं."

संपदाला नवल वाटलं. गाण्याची सुरुवातच तिच्या नवऱ्याच्या, सुहासच्या आवाजाने होत होती. रेकॉर्डिंगआधी तो नेहमी गुणगुणून तिला सूर द्यायचा. तो गेल्यावर त्याचं शेवटचं गुणगुणणं तिने मुद्दाम गाण्यात ठेवलं होतं. गेलेल्या मुलाचा आवाज ऐकून आईंचं मन हलकं कसं होईल?

आईंनी गाणं लावलं. पेटी वाजली आणि थेट संपदाचा आवाज सुरू झाला.

तेव्हा तिला, ज्या ॲपवर गाणं प्रसिद्ध केलं होतं त्याची अट आठवली. दुःखी झालेला माणूस गाणं अर्ध्यात सोडतो, म्हणून ज्याला जे ऐकून रडू येईल ते ॲप त्याच्यापुरतं काढून टाकणार होतं. ही अट मानली नसती तर गाणं कुणापर्यंत पोचलंच नसतं. मूळ प्रतही ॲपच्याच हवाली करावी लागली होती; तिच्याकडे दुसरी प्रत उरली नव्हती.

"एकच वाटतं बघ," आई म्हणाल्या. "यात कुठेतरी सुहासचा आवाज असायला हवा होता."

संपदाने घाईने स्वतःच्या फोनवर गाणं लावलं आणि फोन आईंच्या कानाशी धरला. गाणं प्रसिद्ध झाल्यापासून ते ऐकायचा तिला धीरच झाला नव्हता.

पेटी वाजली आणि थेट तिचाच आवाज सुरू झाला.

"हे अगदी माझ्या फोनवरच्यासारखंच आहे गं," असं म्हणून आई पुन्हा मेथी निवडू लागल्या.