जास्तीचं एक

प्रयोगशाळेत मॅडमनी रोपाच्या मुळाचं रंगवलेलं टोक काचपट्टीवर ठेवलं, वर टिपकागद धरून अंगठ्यानं हलकेच दाबलं. बाळंतपणाच्या रजेवरून त्या मुदतीआधीच परतल्या होत्या. बाळ जगलं नव्हतं.

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून गुणसूत्रं मोजणारी त्यांची विद्यार्थिनी मृण्मयी एकदम ओरडली, "मॅडम, दुप्पट आहेत! माळावरचं रोप पावसाळा संपला की मरतं. हे कड्यावरचं त्याचंच भावंड, पण वर्षानुवर्षं जगतं. गुणसूत्रं जास्त म्हणून चिवट. तुम्ही वर्गात सांगता तसंच!"

मृण्मयीनं मान वर केली, मॅडमचा चेहरा पाहिला आणि ती वरमली. "सॉरी, मॅडम."

"तू कशाला सॉरी म्हणतेस?" मॅडम अंगठ्यावरचा लाल रंग पुसत राहिल्या. तो निघत नव्हता. "पाचव्या महिन्यात डॉक्टर म्हणाल्या, बाळाच्या पेशींत एक गुणसूत्र जास्तीचं आहे. पुढचं बरंच काही सांगत होत्या, पण माझं लक्षच नव्हतं. इतकी वर्षं झाडंच बघितलीत ना मी. क्षणभर बरंच वाटलं गं मला."

त्यांनी पुढची काचपट्टी उचलली.

"म्हटलं, चिवट निघेल."