डब्यातलं लोखंड

बापूजींनी लोखंडाची पट्टी काउंटरवर आपटली. काच फुटली नाही, एवढंच. पाठोपाठ त्यांनी पत्र्याचा डबा ठेवला. त्याचं झाकण उघडं होतं आणि वायरी लोंबत होत्या.

"हे का होय बे, नबील? वीज का लोखंडातून येते?"

ब्रह्मपुरीच्या बसस्टँडसमोर नबीलचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. मागच्या बाजाराच्या दिवशी बापूजींनी इथूनच हा एसएमपीएस नेला होता. कॉम्प्युटरला वीज पुरवतो तो डबा. बाकीचं सामान त्यांच्या मुलीनं, रंजीतानं, एकेक करून जमवलं होतं. कॉम्प्युटर ती घरीच जोडत होती.

आधीचा डबा दिवाळीत जळाला होता. त्याच्यासोबत मदरबोर्डही गेला. जळक्या प्लास्टिकचा वास घरातून लवकर गेला नाही. त्या वासात बापूजींना घास उतरत नव्हता. रंजीता कॉलेजच्या पोरांचे प्रोजेक्ट टाइप करून फ्लॉपीवर देत होती, ते काम बंद पडलं. बापूजींच्या थोरल्या भावानं, रंजीताच्या मोठेबाबांनी, सांगून टाकलं होतं, "आता एकदा जरी बिघडलं तर थे भंगारात घाल, अन् पोरीचं लगन करून टाक." घरात त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नसे.

आणि नवा डबा जीपमध्येच खडखड वाजायला लागला. घरी मोठेबाबांनी तो उचलला, कानाशी हलवला आणि हसले. रंजीतानं बसवण्याआधी स्क्रू काढले. आत काळ्या टेपमध्ये गुंडाळलेली पट्टी सुटून पडली होती.

"इथले दोन्ही डबे हातात धरून पाह्यले होते मी," बापूजी म्हणाले. "पोरगी म्हणे, बाबा, लेबल वाचा. मी म्हटलं, कागदावर कोणीबी काहीबी लिहिते. धान घेतानी आमी ओंजळीत तोलतो. भरला दाणा जड, पोचट हलका. अन् तू मले लोखंड तोलून देल्लं!"

दारात एक जण तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत उभा होता. तो नालीत थुंकला. "दुकानदारायले लाज नाई, भाऊ. तिखटात इटेचा चुरा, अन् डब्यात लोखंड."

नबील डब्याच्या लोंबत्या वायरी गुंडाळायला लागला. त्यामुळे बापूजींना जास्तच शिसारी आली. चोर निदान खोटं तरी बोलतो. हा वायरी गुंडाळत बसला होता.

"थो दुसरा डबा खोल. त्याच्यात का भरलं थे पाहू दे लोकायले."

नबीलनं फळीवरून दुसरा डबा काढला. बापूजींनी त्या दिवशी हातात धरून परत ठेवला होता, तसलाच. त्यानं स्क्रू काढले आणि झाकण बाजूला केलं. तळाशी सिमेंटची वडी ओतलेली होती. चांगली तळहाताएवढी.

"थू!" बापूजी म्हणाले. "याच्यातबी!"

बापूजींसोबत आलेली रंजीता पुढे झाली. तिनं दोन्ही डबे शेजारी शेजारी ठेवले आणि दोन्हींच्या वायरी बोटांनी चाचपल्या.

"बाबा, याच्यात सिमेंटच हाये. बाकी अर्ध्या जागा रिकाम्या. वायरी पाहा, सुतळीपेक्षा बारीक. आपल्या डब्यात सारं भरलं हाये."

"म्हंजे?"

"आपला डबा चांगला हाये."

बापूजी नबीलकडे वळले. "मंग लोखंड काऊन?"

"थे सिमेंट डबेवाल्या कंपनीनंच टाकलं, बापूजी," नबील म्हणाला. "लोखंड मी टाकलं."

"काऊन पण?"

"हा चांगला डबा पावसाळाभर धूळ खात पडला इथी. जो आला त्यानं दोन्ही उचलले, अन् सिमेंट घेऊन गेला. घरी जाऊन जाळलं, अन् मले शिव्या देल्ल्या. तुमीबी उचललेच ना? लोखंड नसतं तर तुमी कोणता नेला असता?"

बापूजींनी बोटानं सिमेंटची वडी दाखवली.

"मंग हा सिमेंटवाला ठेवतो कायले?"

"नाई ठेवला तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाते. तिथी तर फक्त सिमेंटच हाये." नबीलनं हात पँटला पुसले. "मलेबी किळस येते, बापूजी. लोखंड भरून झालं का साबणानं हात धुतो मी."

खर्रावाला आत आला. त्यानं सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी त्यानं एका हातात बापूजींचा डबा घेतला, दुसऱ्या हातात सिमेंटचा. दोन्ही वरखाली केले.

"पण भाऊ," तो म्हणाला, "हा हलका लागून राह्यला ना."

बापूजींनी त्याच्या हातातून आपला डबा हिसकावून घेतला. त्या माणसाचे लाल दात, त्याचा वास, त्याचं ते डोकं हलवणं, सगळ्याचीच त्यांना घाण वाटली. मग त्यांच्या लक्षात आलं, आपणही डबा वरखाली करतो आहोत. डबा खरंच हलका लागत होता. आत सगळं भरलेलं आहे हे आताच पाहिलं होतं, तरी हात मानत नव्हता.

"चला बाबा," रंजीता म्हणाली. "लोखंड नको आपल्याले. मोठेबाबाले मी खोलून दाखवीन, का यात का हाये अन् त्यात का नाई."

"खोलून कोण पाह्यते, माय? थे उचलूनच पाह्यतीन. अन् मंग सांगतीन, लोखंड काढून हलका माल देल्ला तुले, घाल भंगारात."

बापूजींनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी पट्टी उचलली, डब्यात ठेवली आणि डबा नबीलपुढे सरकवला.

"पक्कं बसव. या खेपेले वाजलं नाई पायजे."