दादाची गाठ

तीनचाकी मोटारसायकल भाड्याच्या जीपमागच्या ट्रेलरवर चढली होती. पुढचं चाक कठड्याला टेकलेलं, हँडब्रेक ओढलेला, आणि दादा दोराची शेवटची गाठ आवळत होता. उभा जन्म ट्रकवर माल बांधण्यात गेलेला माणूस. त्याची गाठ सुटायची तर त्याच्याच हातून, नाहीतर कोयत्याने.

धाकटी बहीण कुबड्या काखेत धरून खाली उभी होती. गाडी तिची, नोकरी तिची, दुसऱ्या शहरातली खोलीसुद्धा तिनेच फोनवर भांडून मिळवलेली.

"झालं!" दादा हात झटकत म्हणाला. "आता हत्तीने ओढली तरी हलायची नाही."

"आणि तिथे गेल्यावर सोडणार कोण?"

"मी की! येतोच आहे ना मागच्या सीटवर. दोन दिवस राहीन, तुझं बस्तान बसवीन..."

"दादा, हॉस्टेलवर सोडायला आला होतास, तेव्हा आठवडाभर फाटकाशी बसून होतास."

जीपचा ड्रायव्हर आरसा पुसू लागला.

"दोर काढ," ती म्हणाली. "यांच्याकडे पट्टे आहेत, ते लाव."

दादाला वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की त्याचा आवाज चढायचा. "पट्ट्यांवर माझा भरवसा नाही!"

"माझा आहे. माझ्या एका हाताने सुटतात."

दादाने पुटपुटत गाठी सोडल्या. दोन पट्टे पुढच्या चाकाच्या दांड्यांना खालून घातले, दोन मागच्या आसाला. खटक्याची दांडी मागेपुढे करत आवळले, तशी गाडी स्प्रिंगवर जराशी बसली. बहिणीने खालूनच हँडल धरून हिसका दिला. ट्रेलर डुलला, गाडी जागची हलली नाही.

मग तिने एक कुबडी ट्रेलरला टेकवली, वाकून एका पट्ट्याचा खटका उचलायला घेतला. पहिल्यांदा हात निसटला. दादा पुढे झाला आणि थांबला. दुसऱ्यांदा पट्टा सैल पडला.

"आता परत आवळ," ती म्हणाली. त्याने आवळला.

ती पुढच्या सीटवर चढून बसली. दादा मागच्या सीटवर न बसता ड्रायव्हरच्या खिडकीशी गेला. "थोडं अंतर गेलं की थांबा. पट्टे सैल पडतात, एकदा बघावे लागतात."

"मी बघीन," ती म्हणाली.

दादा वळसा घालून तिच्या बाजूला आला. त्याचा हात सवयीने तिचं दार लावायला पुढे गेला. तिने आतून दार ओढून घेतलं.